औषध जिथल्या तिथे

स्थानिक भुलेसाठी वापरल्या जाणाऱ्या लिग्नोकेनच्या सुरक्षित मात्रेचे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय धोकादायक रीतीने बिघडली, तर हेच औषध शिरेतून देतात. तिथे ६० किलो वजनाच्या माणसाला एका वेळी साधारण ६० ते ९० मिलिग्रॅम पुरतात आणि त्याहून फार पुढे जायची कुणी हिंमत करत नाही. त्याच माणसाची चामखीळ काढायची असेल किंवा जखमेला टाके घालायचे असतील, तर त्वचेखाली टोचण्यासाठी मर्यादा २७० मिलिग्रॅम मानतात, सोबत अ‍ॅड्रेनॅलिन असेल तर ४२०. आणि अंगावरची चरबी शोषून काढायच्या शस्त्रक्रियेत हे औषध अगदी पातळ करून चरबीत भरतात, तेव्हा किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे त्याच माणसाला २१०० मिलिग्रॅम देण्याची पद्धत अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९९० मध्ये मांडली आणि ती रूढ झाली. औषध तेच, माणूस तोच, आणि सुरक्षिततेची रेघ मात्र वीस-तीस पटींनी सरकते. याचा अर्थ एकच निघतो. या औषधाचा धोका ते किती दिलं यापेक्षा ते टोचलेल्या जागेतून रक्तात किती वेगानं पोहोचलं यावर जास्त अवलंबून आहे. चार महिन्यांत पडणारा पाऊस शेतं पिकवतो. तेवढाच एका रात्रीत पडला की नदीकाठची गावं पाण्याखाली जातात. छोट्या शस्त्रक्रियांमधल्या स्थानिक भुलेच्या सुरक्षिततेचे बहुतेक सगळे नियम, वरवर एकमेकांशी संबंध नसलेले दिसले तरी, या एका गोष्टीतून उगवलेले आहेत आणि तिच्याच कसोटीवर ते तपासून घेता येतात.

लिग्नोकेन करतं काय, तर मज्जातंतूच्या आवरणातल्या सोडियमच्या सूक्ष्म वाटा बंद करतं. या वाटांनी सोडियमचे भारित कण आत शिरतात तेव्हाच विजेचा संदेश तंतूवरून पुढे सरकतो. वाटा बंद झाल्या की वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत जात नाही. अशाच वाटा मेंदूतल्या पेशींना आहेत, हृदयाच्या स्नायूलाही आहेत, आणि औषधाला त्यांच्यात भेद करता येत नाही. बोटाच्या मुळाशी जो परिणाम आपल्याला हवा असतो, तोच मेंदूत नको असतो. रक्तातलं प्रमाण वाढत गेलं की आधी मेंदू तक्रार करतो. तोंडाभोवती मुंग्या येतात, जिभेवर धातूची चव येते, कानांत आवाज घुमतो, डोकं हलकं होतं, जीभ जड होते, ओठ आणि बोटं फडफडू लागतात. पुढे झटके येतात, कारण मेंदूतल्या आवर घालणाऱ्या पेशी आधी गप्प होतात आणि चेतवणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. त्याहून पुढे शुद्ध हरपते, श्वास मंदावतो आणि हृदयाची लय बिघडते. हा क्रम पुस्तकी आहे. औषध थेट शिरेत गेलं तर मुंग्या वगैरे काही न जाणवता पहिलं लक्षण म्हणून झटकाच येऊ शकतो. औषधाचा निचरा करतं ते यकृत. रक्ताबरोबर यकृतात येणाऱ्या लिग्नोकेनपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास भाग एका फेरीत काढून घेतला जातो आणि साधारण दीड-दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून यकृताचा जुनाट आजार असलेला किंवा हृदय कमजोर झाल्यानं यकृताकडे रक्तच कमी पोहोचत असलेला रुग्ण समोर असेल, तर नेहमीची मात्राही हात आखडता घेऊन द्यावी लागते.

हे शहाणपण स्थानिक भूल देणाऱ्या पहिल्या पिढीनं माणसं गमावून मिळवलं. व्हिएन्नातला तरुण डॉक्टर कार्ल कोलर यानं कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं आणि १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला. प्रवासाला पैसे नसल्यानं तो त्याच्या वतीनं दुसऱ्या डॉक्टरांनी वाचला. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी मज्जातंतूंच्या शेजारी कोकेन टोचून शस्त्रक्रिया करू लागले. स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून हॉल्स्टेड यांना कोकेनचं व्यसन लागलं, ही त्या शोधाची एक किंमत. दुसरी किंमत रुग्णांनी मोजली: १८९१ पर्यंत वैद्यकीय नियतकालिकांत विषबाधेच्या सुमारे २०० आणि मृत्यूच्या १३ नोंदी जमा झाल्या होत्या. त्या काळी दहा-वीस टक्क्यांची द्रावणं सर्रास वापरली जात. पॅरिसमध्ये पॉल रेक्लू यांनी प्रमाण १ टक्का आणि पुढे अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आणलं. बर्लिनमध्ये कार्ल लुडविग श्लाइख यांनी १८९२ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. एक दशांश-दोन दशांश टक्क्यांचं, जवळजवळ पाण्यासारखं द्रावण थरांथरांत भरूनही चिरा देण्याइतका भाग बधिर होतो हे त्यांनी दाखवलं. मग १९०३ च्या सुमारास हाइनरिश ब्राउन यांनी त्यात अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलं. ते आसपासच्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, त्यामुळे औषध जागेवर टिकतं आणि रक्तात हळूहळू झिरपतं. पुढे १९०५ मध्ये प्रोकेन आलं. स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार केलं आणि १९४८ मध्ये ते बाजारात आलं. औषधं बदलली, कोकेनपेक्षा पुष्कळ निर्धोक झाली. तरी पातळ करा आणि झिरपणं मंद करा, हे दोन उपाय ब्राउनच्या काळातच पुरते सापडले होते आणि आजही तेच मुख्य आहेत.

मग आजही चूक कुठे होते? बहुतेक वेळा गुणाकारात. औषध सिरिंजमध्ये मिलिलिटरनं भरलं जातं, कुपीवर टक्के लिहिलेले असतात, आणि विषबाधा ठरते मिलिग्रॅमवर. १ टक्का म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम आणि २ टक्के म्हणजे २०, इतकं साधं हे गणित आहे, पण घाईच्या वेळी ते मनातल्या मनातसुद्धा होत नाही. भारतात दवाखान्यांपासून तालुक्याच्या रुग्णालयांपर्यंत जी कुपी सगळीकडे दिसते ती २ टक्के लिग्नोकेनची, ३० मिलिलिटरची. तिच्यात ६०० मिलिग्रॅम औषध आहे. धडधाकट, वजनदार माणसासाठीही अ‍ॅड्रेनॅलिनशिवायची कमाल मर्यादा ३०० मिलिग्रॅम धरतात. म्हणजे टेबलावर ठेवलेल्या एका कुपीत मर्यादेच्या दुप्पट औषध आहे. आता माणूस लहान करून पाहा. ४२ किलोच्या बाईसाठी किलोमागे साडेचार मिलिग्रॅमच्या हिशेबानं १८९ मिलिग्रॅम होतात. २ टक्क्यांच्या औषधानं भरलेली १० मिलिलिटरची एकच सिरिंज ही मर्यादा ओलांडते. पडून हातापायांना आणि कपाळाला जखमा झालेल्या १२ किलोच्या मुलासाठी मर्यादा ५४ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं जेमतेम पावणेतीन मिलिलिटर. ५ मिलिलिटरची सिरिंज भरून डॉक्टर एकेक जखम बधिर करत गेले, तर हातात सिरिंज एकच असल्यानं ती बेताचीच वाटते, आणि मूल मर्यादेच्या जवळजवळ दुपटीवर पोहोचलेलं असतं. यावर उपाय फुकट आहे. त्वचा बधिर करायला अर्धा ते एक टक्का पुरतो, हे श्लाइखनंतर वेगळं सिद्ध करायची गरज राहिलेली नाही. २ टक्क्यांच्या औषधात तितकंच निर्जंतुक सलाइन मिसळलं की तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये दुप्पट क्षेत्र भिजतं. जखमा अनेक असतील, चरबीची गाठ मोठी असेल, तर आणखी पातळ करावं. रुग्णाचं वजन, त्यावरून येणारे मिलिग्रॅम आणि त्याचे होणारे मिलिलिटर हे सिरिंज हातात घेण्याआधी कागदावर लिहावेत; मनात धरलेला आकडा तिसऱ्या जखमेपर्यंत टिकत नाही.

इथे जाणकारांकडून एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. किलोमागे साडेचार किंवा, अ‍ॅड्रेनॅलिन असेल तर, सात मिलिग्रॅम हे आकडे आले कुठून? माणसांवर पद्धतशीर प्रयोग करून ते ठरलेले नाहीत. प्राण्यांवरचे प्रयोग, विषबाधेच्या तुरळक नोंदी आणि उत्पादकांची सावधगिरी यांच्या मिश्रणातून ते रूढ झाले, आणि निरनिराळ्या देशांत ते निरनिराळे आहेत. शिवाय टोचण्याची जागा बदलली की शोषणाचा वेग बदलतो. बरगड्यांमधल्या मज्जातंतूंशेजारी टोचलेलं औषध सर्वांत झपाट्यानं रक्तात जातं, त्वचेखालचं सर्वांत सावकाश. आणि त्वचेतही डोक्याची आणि चेहऱ्याची त्वचा रक्तानं भरलेली असल्यानं पायाच्या त्वचेपेक्षा जलद शोषते. एकच आकडा या सगळ्यांना कसा लागू पडेल? हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच या प्रकरणाच्या सुरुवातीला मर्यादेपेक्षा वेगाला जास्त महत्त्व दिलं. पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष, की आकडे ढोबळ आहेत तेव्हा अनुभवी डॉक्टरांनी अंदाजानं चालावं, हा पटण्यासारखा नाही. ज्या रुग्णाच्या शरीरात शोषण किती वेगानं होईल हे आधी मोजता येत नाही, तिथे ढोबळ का होईना पण खालच्या बाजूला झुकलेली मर्यादा हीच उपलब्ध असलेली राखीव जागा आहे. चरबी शोषण्याच्या शस्त्रक्रियेतले ३५ मिलिग्रॅम सुरक्षित ठरतात ते तिथलं द्रावण दशांश टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतं, सोबत दहा लाखांत एक इतकं अ‍ॅड्रेनॅलिन असतं आणि चरबीत रक्तपुरवठा कमी असतो म्हणून. रक्तातलं प्रमाण शिखरावर पोहोचायला तिथे बारा तासांच्या आसपास लागतात. हा आकडा उचलून कपाळावरच्या जखमेला लावणारा माणूस अटी गाळून फक्त आकडा वाचतो आहे. आणि त्या अटी पाळूनही धोका पूर्ण जात नाही: न्यूयॉर्क शहरात या पद्धतीनं चरबी काढून घेतल्यानंतर झालेल्या ५ मृत्यूंचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतल्या काहींमध्ये लिग्नोकेनची विषबाधा किंवा औषधांचा परस्परपरिणाम असावा असा तपासणाऱ्यांचा संशय होता.

गणित बरोबर असूनही हात चुकला तर व्यर्थ. टोचण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येतं का पाहायचं, ही सवय प्रत्येक विद्यार्थ्याला लावली जाते. ती उपयोगी आहे, पण बारीक सुईतून रक्त दर वेळी मागे येईलच असं नाही, त्यामुळे रक्त दिसलं नाही म्हणजे सुई शिरेत नाही अशी खात्री धरता येत नाही. सुई सतत थोडी पुढेमागे सरकवत, थोडं थोडं औषध सोडत जाणं हे अधिक भरवशाचं, कारण सुईचं टोक एखाद्या शिरेत शिरलंच तरी तिथे फार तर थेंबभर औषध सुटतं. सावकाश टोचण्यानं दुखतंही कमी. लिग्नोकेनचं द्रावण आम्लधर्मी असतं, अ‍ॅड्रेनॅलिन टिकावं म्हणून ते आणखी आम्ल ठेवतात, आणि टोचताना जी आग होते ती पुष्कळशी त्यामुळे होते. नऊ-दहा मिलिलिटर औषधात ८.४ टक्क्यांचं सोडियम बायकार्बोनेट एक मिलिलिटर घातलं की ती आग स्पष्टपणे कमी होते. औषध अंगाइतकं कोमट असेल तर आणखी कमी. हे रुग्णाच्या सोयीपुरतं वाटेल, पण त्यात सुरक्षितताही आहे: रुग्ण न दचकता पडून राहिला की डॉक्टरांना घाई करावी लागत नाही.

आम्लतेचाच दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. औषधाचा जो भाग विद्युतभार नसलेल्या रूपात असतो तोच तंतूच्या आवरणातून आत शिरतो. निरोगी ऊतीत हा भाग साधारण चौथाई असतो. पू झालेली जागा आम्ल असते, तिथे हा भाग घटतो, आणि गळवाच्या आसपास कितीही औषध भरलं तरी रुग्ण ओरडतच राहतो. मग डॉक्टर आणखी टोचतात. सुजलेल्या, लाल झालेल्या जागेत रक्तप्रवाह वाढलेला असतो, म्हणजे औषध बधिर करण्यात कमी पडतं आणि रक्तात मात्र लवकर जातं. नखुरड्यासाठी म्हणूनच सुजलेल्या टोकाशी झगडण्याऐवजी बोटाच्या मुळाशी, निरोगी भागात मज्जातंतू अडवावेत. आणि वाट पाहावी. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे रक्तस्राव सर्वांत कमी व्हायला सात मिनिटं पुरतात असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रत्यक्ष मोजलं तेव्हा तो काळ २५ मिनिटांच्या आसपास निघाला. ज्याला ही पंचवीस मिनिटं परवडत नाहीत, तो वरून जास्तीचं औषध टोचत राहतो.

अ‍ॅड्रेनॅलिनचा विषय निघाला की एक जुना दंडक समोर येतो. बोटं, पायाची बोटं, नाकाचं टोक, कान आणि शिश्न इथे अ‍ॅड्रेनॅलिन कधीही टोचायचं नाही. रक्तवाहिन्या आकसतील आणि तो भाग काळा पडून गळून जाईल. हे वाक्य शल्यशास्त्राच्या परीक्षेत अनेकांनी लिहिलं आणि गुण मिळवले. बोटापुरतं तरी ते तपासलं गेलं तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १८८० पासून २००० पर्यंतच्या वैद्यकीय वाङ्मयातून स्थानिक भुलेनंतर बोट सडल्याच्या सगळ्या नोंदी गोळा केल्या गेल्या. जगभरातून मिळाल्या त्या ४८, आणि त्यांतल्या केवळ २१ मध्ये अ‍ॅड्रेनॅलिन वापरलेलं होतं. बहुतेक नोंदी लिग्नोकेनच्या आधीच्या काळातल्या, कोकेन किंवा प्रोकेनच्या. प्रोकेनची कुपी जुनी झाली की भयंकर आम्ल होते, आणि कुपीवर वापराची अंतिम तारीख छापण्याची सक्ती अमेरिकेतसुद्धा १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. काही रुग्णांच्या बोटाला आवळपट्टी फार वेळ बांधलेली होती, काहींनी बधिर बोट कढत पाण्यात बुडवलं होतं, काहींना आधीच जंतुसंसर्ग होता. तयार मिळणाऱ्या लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनॅलिनच्या मिश्रणानं बोट गेल्याची एकही नोंद त्या आढाव्यात नव्हती.

मग कॅनडातल्या डोनाल्ड लालोंड यांच्या पुढाकारानं ६ शहरांतल्या ९ हस्तशल्यचिकित्सकांनी २००२ ते २००४ या काळात हात आणि बोटांमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन टोचलेल्या प्रत्येक रुग्णाची ओळीनं नोंद ठेवली. ३११० रुग्ण झाले. एकाचंही बोट गेलं नाही, आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या उघडणारं फेंटोलामिन हे उताऱ्याचं औषध एकदाही वापरावं लागलं नाही. पुढे आणखी एक पुरावा अपघातानंच हाताशी आला: अ‍ॅलर्जीच्या झटक्यासाठी लोक जवळ बाळगतात त्या पेनमधून चुकून स्वतःच्या बोटात हजारात एक इतकं तीव्र, म्हणजे शस्त्रक्रियेतल्यापेक्षा शंभर पटींनी तीव्र अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं गेल्याच्या नोंदी २००७ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, आणि त्यांतही बोट गमावल्याचं आढळलं नाही.

यावरही आक्षेप घेता येतो. ३११० पैकी शून्य म्हणजे धोका शून्य असं होत नाही. संख्याशास्त्राच्या साध्या नियमानं एवढ्या रुग्णांत एकही घटना घडली नाही, तर खरा धोका हजारात एकापर्यंत असू शकतो, एवढंच ठामपणे म्हणता येतं. त्या आढाव्यानंतर तुरळक दुर्घटनांच्या नोंदीही झाल्या आहेत. ज्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा आधीच बिघडलेला आहे, थंडीत बोटं पांढरी पडतात, तंबाखूच्या व्यसनानं धमन्या बंद होत आल्या आहेत, अशांना हे मिश्रण देऊ नये, आणि फेंटोलामिन हाताशी असावं. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काहीतरी आहे, ते कुणी मोजत नव्हतं. अ‍ॅड्रेनॅलिन नसेल तर रक्त थांबवण्यासाठी दंडाला आवळपट्टी बांधावी लागते, ती काही मिनिटांनी असह्य होते, त्यासाठी गुंगी किंवा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि वृद्ध, दमेकरी, मधुमेही रुग्णाला तिचा धोका हजारात एक बोटाच्या धोक्याशी तोलूनच पाहायला हवा. शिवाय अ‍ॅड्रेनॅलिनशिवायचं लिग्नोकेन लवकर उतरतं, पुन्हा टोचावं लागतं आणि लवकर रक्तात जातं. बोट वाचवण्यासाठी घातलेला दंडक अशा रीतीनं मेंदू आणि हृदयाचा धोका थोडा वाढवतच होता. एखाद्या नियमाची जरब आणि त्यामागचा पुरावा यांचं प्रमाण कसं उलटं असू शकतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण वैद्यकात क्वचित सापडतं: बोटाचा नियम सगळ्यांना पाठ, आणि मिलिग्रॅमचा गुणाकार कुणी करत नाही.

अ‍ॅड्रेनॅलिनची खरी भीती आहे ती दुसरीकडे, त्याच्या प्रमाणाच्या लेखनात. दोन लाखांत एक म्हणजे मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम. दातांच्या डॉक्टरांकडे दिसणारं ऐंशी हजारांत एक म्हणजे साडेबारा. हजारात एक म्हणजे १०००. हृदयविकाराच्या रुग्णासाठी दंतवैद्यकात एकूण ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगतात, म्हणजे ऐंशी हजारांत एक या मिश्रणाचे सव्वातीन मिलिलिटरसुद्धा नाहीत. प्रोप्रॅनोलोलसारखी औषधं घेणाऱ्यांचा रक्तदाब त्यानं एकदम चढू शकतो. आणि ही सगळी द्रावणं पाण्यासारखी स्वच्छ असतात. १९९५ मध्ये फ्लोरिडात कानाच्या एका लहानशा शस्त्रक्रियेच्या वेळी सात वर्षांच्या मुलाला लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनॅलिन समजून हजारात एक अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं गेलं. ते वरून लावण्यासाठी काढून ठेवलेलं होतं. मुलगा वाचला नाही. त्यानंतर निर्जंतुक टेबलावरच्या प्रत्येक वाटीवर आणि सिरिंजवर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहिण्याचा आग्रह सर्वत्र वाढला. कापूस भिजवायची वाटी आणि टोचायची वाटी बिननावानं शेजारी असणं हीच मुळात न होऊ देण्याची गोष्ट आहे.

आत्तापर्यंत आत शिरण्याच्या वेगाबद्दल बोललो. बुपिव्हाकेन या स्थानिक भुलेच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत बाहेर पडण्याचा वेगही पाहावा लागतो. हे औषध चार ते आठ तास टिकतं, म्हणून शस्त्रक्रियेनंतरची वेदना दाबायला ते मोलाचं आहे. पण हृदयाच्या स्नायूतल्या सोडियमच्या वाटांत ते झटकन शिरतं आणि अतिशय सावकाश निघतं. दोन ठोक्यांमधल्या काळात ते पूर्ण सुटत नाही, साचत जातं, आणि एकदा हृदय थांबलं की ते सुरू करणं फार कठीण जातं. १९७९ मध्ये जॉर्ज ऑलब्राइट यांनी अशा हृदयबंदाच्या घटनांकडे भूलशास्त्राच्या जगाचं लक्ष वेधलं. ब्रिटनमध्ये याच सुमारास हाताच्या शिरांत औषध भरून दंडाच्या पट्ट्यानं ते तिथेच अडवून ठेवण्याच्या पद्धतीत बुपिव्हाकेन वापरलेल्या रुग्णांचे मृत्यू झाले आणि त्या कामातून हे औषध बाद झालं. आज त्या पद्धतीत प्रिलोकेन किंवा लिग्नोकेन वापरतात आणि पट्टा किमान वीस मिनिटं सोडत नाहीत. पट्टा घट्ट होता तोवर सगळी मात्रा हातात निरुपद्रवी होती. तो सुटला तेव्हा तीच मात्रा एका लोटात हृदयाकडे गेली. छोट्या शस्त्रक्रियेत लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन मिसळून देण्याची पद्धत आहे, ती वाईट नाही, मात्र दोघांच्या विषारीपणाची बेरीज होते. दोन्हींची स्वतंत्र कमाल मात्रा एकत्र देता येत नाही.

अ‍ॅलर्जीबद्दल थोडक्यात. लिग्नोकेनच्या वर्गातल्या औषधांची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मिळ आहे. सुई पाहून आलेली भोवळ, अ‍ॅड्रेनॅलिनमुळे झालेली धडधड, किंवा मोठ्या कुपीत टिकाऊपणासाठी घातलेल्या मिथाइलपॅराबेनचा त्रास यांना रुग्णाच्या कागदावर अ‍ॅलर्जी म्हणून लिहिलं जातं, आणि त्या एका शब्दापायी माणूस आयुष्यभर गरज नसताना पूर्ण भूल घेत राहतो. नक्की काय झालं होतं हे नीट विचारायला हवं.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: हे सगळं इतकं क्वचित घडतं, आणि कामाचा रेटा इतका मोठा, की दर चामखिळीसाठी वजनकाटा आणि गणित मांडणं परवडत नाही. क्वचित घडतं हे खरं आहे, कारण बहुतेक छोट्या शस्त्रक्रियांत दोन-चार मिलिलिटरमध्येच काम भागतं. पण घटना घडतात त्या जिथे राखीव जागा कमी असते तिथे: लहान मुलं, किडकिडीत वृद्ध, अनेक जखमा, एकाच वेळी दोन बाजूंची शस्त्रक्रिया. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत स्त्रियांची नसबंदी स्थानिक भुलेखाली होते. एका दिवशी रांगेत अनेक बायका, काहींची वजनं चाळिशीत, आणि भरून ठेवलेल्या सिरिंजा सगळ्यांसाठी सारख्याच, अशी परिस्थिती उभी राहिली तर मघाचं १८९ मिलिग्रॅमचं गणित कागदावर राहत नाही. अशा ठिकाणी गुंगीचं औषधही दिलं जातं, आणि तिथे एक गोष्ट हरवते. जागा रुग्ण हा सर्वांत चांगला मापक आहे; त्याच्याशी बोलत राहिलं तर ओठांभोवतीच्या मुंग्या, कानातला आवाज, जड झालेली जीभ डॉक्टरांना वेळेवर कळते. गुंगीत असलेली बाई यातलं काही सांगू शकत नाही, म्हणून गुंगी दिली की बोटाला प्राणवायूमापक आणि शेजारी लक्ष देणारं माणूस हवंच. बोलणं थांबवायचं नाही, आणि काम झाल्याबरोबर घरीही पाठवायचं नाही. त्वचेखाली टोचलेल्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वीस-तीस मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा शिखरावर पोहोचतं. मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला किमान अर्धा तास नजरेसमोर ठेवावं.

एवढं करूनही कधीतरी झटका येईल. तेव्हा टोचणं थांबवणं, मदतीला हाक मारणं, शुद्ध प्राणवायू देणं आणि श्वास चालू ठेवणं हे पहिलं, कारण प्राणवायूची कमतरता आणि त्यातून वाढणारी आम्लता विषबाधा आणखी गडद करते. झटके मिडॅझोलामसारख्या औषधानं आवरतात. हृदय थांबलं, तर अ‍ॅड्रेनॅलिन नेहमीच्या पुनरुज्जीवनापेक्षा बरंच कमी, किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आत देतात. यापुढचा उपाय अमेरिकेतल्या गाय वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतून आला. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदरांना आधी स्निग्ध द्रावण शिरेतून दिलं, तर हृदय थांबवायला बुपिव्हाकेन कितीतरी जास्त लागतं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेआधी भूल दिल्यावर हृदय थांबलेल्या एका माणसाला, इतर सगळे उपाय वीस मिनिटं करून हरल्यावर हे द्रावण दिलं गेलं आणि हृदय पुन्हा सुरू झालं. स्निग्ध कण औषधाला हृदय आणि मेंदूपासून उचलून यकृताकडे आणि स्नायूंकडे वाहून नेतात, असं आज मानतात. हे द्रावण नवीन नाही. तोंडानं अन्न घेऊ न शकणाऱ्या रुग्णांना ते पोषणासाठी देतातच. लागतं ते २० टक्क्यांचं. प्रोपोफॉलही स्निग्ध द्रावणातच मिळतं, पण ते निम्म्या तीव्रतेचं असतं आणि त्यातलं भुलेचं औषध हृदयाला आणखी दाबतं, म्हणून ते याला पर्याय नाही. ५० किलोच्या रुग्णाला पहिली मात्रा किलोमागे दीड मिलिलिटर, म्हणजे ७५ मिलिलिटर, दोन-तीन मिनिटांत. मग दर मिनिटाला साडेबारा मिलिलिटरप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच तीनशेच्या आसपास मिलिलिटर लागू शकतात, तेव्हा मायनर ओटीच्या कपाटात शंभर मिलिलिटरची एक बाटली ठेवून भागत नाही. तिथे अडीचशेच्या दोन ठेवाव्यात, आणि त्या कोणत्या फळीवर आहेत हे रात्रपाळीच्या परिचारिकेलाही ठाऊक असावं.